बास क्लॅरिनेटसाठी लिहिलेल्या नव्या रचनेस हरकत

प्रति,
मा. व्यवस्थापिका,
नगर वाद्यवृंद कार्यालय, दुसरा मजला.

विषय : खर्जाच्या सुषिर वाद्यांसाठी केलेल्या नव्या रचनेत अर्जदारास डावलल्याबाबत.
संदर्भ : सूचनाफलकावरील दि. ४ ची सूचना.

महोदया,

१. मी आपल्या वाद्यवृंदात सतरा वर्षे काँट्राबसून वाजवतो. हे फुंकून वाजवायचे वाद्य बसलेल्या माणसाहून उंच असून वृंदातील सर्वांत खालचा स्वर त्याचा आहे. तो फार थोड्या रचनांत लागतो, त्यामुळे एका कार्यक्रमात मी सरासरी सहा मिनिटे वाजवतो व उरलेला वेळ मात्रा मोजतो. सहकारी मला 'नुसता बसून' म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. संदर्भीय सूचनेनुसार वृंदाच्या रचनाकार बाईंनी, ज्या माझ्या सख्ख्या धाकट्या भगिनी आहेत, पंचवीस मिनिटांची नवी रचना लिहिली आहे. क्वचित ऐकू येणाऱ्या खर्जाच्या वाद्यांना पुढे आणावे असा तिचा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु पुढे आणले आहे ते बास क्लॅरिनेट. माझ्या वाट्याला अकरा बार, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे वादन, आले असून त्यावर भगिनींच्या हस्ताक्षरात 'जेमतेम ऐकू यावे' असे लिहिले आहे.

३. बास क्लॅरिनेटवादक दोन वर्षांपूर्वी रुजू झाले. ते व रचनाकार बाई रोज दुपारी सराव खोली क्र. २ मध्ये दार उघडे टाकून बसतात. ते एक स्वर काढतात, बाई "अजून खाली जातं का हे?" असे विचारतात, ते आणखी खालचा स्वर काढतात, आणि दोघे हसतात. त्यांच्या वाद्याहून माझे वाद्य कितीतरी खाली जाते. मला कोणी विचारलेले नाही. सदर खोलीचे दार नियमानुसार बंद ठेवण्याचे आदेश व्हावेत.

४. वादक महाशय रविवारी भगिनींच्या घरीही सरावास जातात. माझी सहा वर्षांची भाची आता त्यांना 'मामा' म्हणते. सख्खा मामा हयात असताना, त्याच शहरात राहत असताना व त्याच कार्यालयात नोकरीस असताना हे घडत आहे. ही बाब कार्यालयाच्या कक्षेत येत नाही याची जाणीव आहे. तरीही संबंधितास लेखी समज देण्यात यावी.

५. वरील कारणांस्तव सदर रचनेचा दि. २० चा कार्यक्रम तहकूब करावा, ही विनंती.

येथवरचा मजकूर सोमवारी लिहिला. काल, मंगळवारी, पहिली पूर्ण तालीम झाली. मी काही खोडलेले नाही, फक्त पुढे लिहीत आहे.

तालमीत दुसऱ्या भागाच्या शेवटी सगळी वाद्ये थांबली आणि बास क्लॅरिनेटने पाच स्वर सावकाश खाली उतरत वाजवले. ते पाच स्वर माझे आहेत. शिकत होतो तेव्हा घरी रोज संध्याकाळी मी याच पाच स्वरांनी सुरुवात करायचो, आणि ही धाकटी भगिनी टेबलाशी गृहपाठ करत बसलेली असायची. महोदया, स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय होते ते कार्यालयीन भाषेत मांडता येत नाही. माझे अकरा बार काल माझ्याकडून वाजलेच नाहीत.

तालीम सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठले व ते स्वर माझे असल्याचे सांगितले.

"तुझेच आहेत, दादा," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी हे तुझ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तू म्हणालास, या वाद्यावर एकट्याने वाजवलं तर लोक हसतील. मी दोनदा विचारलं, तू दोनदा झटकून टाकलंस. मग तिसऱ्यांदा विचारवेना."

हे खरे आहे. मी तसे म्हणालो होतो. पहिल्याच वर्षी माझ्या एका लांब स्वरावर पुढच्या रांगेतले कोणीतरी खुदकन हसले होते, ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

पुढे ती म्हणाली, "आताही हो म्हण, मी उद्यापासून लिहायला घेते."

वाद्याची रीड, म्हणजे फुंकायची पट्टी, वाळली असेल, असे काहीतरी पुटपुटून मी जिना उतरलो. बास क्लॅरिनेटवादक खाली दार धरून उभे होते. त्यांनी काल फार छान वाजवले. हे मला त्यांना सांगता आले नाही, म्हणून येथे नोंदवतो. त्यांचा मला अजूनही राग येतो, हेही नोंदवतो.

तरी मुद्दा क्र. ५ मागे घेत आहे. कार्यक्रम ठरल्या दिवशी व्हावा. त्याऐवजी एकच विनंती आहे : काँट्राबसूनवादक एकट्याने वाजवण्यास तयार आहे, असे कार्यालयाने रचनाकार बाईंना आपल्या सहीशिक्क्यानिशी पत्राने कळवावे. मला तोंडी जमले असते, तर आपणांस तसदी दिली नसती.

शेवटच्या रांगेतील,
आपला नम्र,
(सही)
काँट्राबसूनवादक
दि. ११, बुधवार

सोबत : माझ्या वाद्याच्या खालच्या स्वरांचा तक्ता, एका श्वासात कोणता किती टिकतो यासह. (काल रात्रीच तयार केला. रचनाकार बाईंकडे द्यावा.)