बीळु म्हणजे टाकाऊ नव्हे

१४ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.४०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणेल, आम्ही दुपारी आलो होतो.

जयंतीला हुबळीस जायला निघाले होते. पांढरी साडी, पायात नव्या चपला. बसथांब्यापर्यंतही पोचले नाही, तोच मल्लव्वा माळावरून धावत आली. सत्तरीची बाई, मेंढ्या तशाच सोडून. "यव्वा, अक्का! जेसीबी!"

गावच्या माळावर ओळीनं खड्डे. गवत मुळासकट उलटं पडलेलं. खोकडीच्या बिळाला तीन तोंडं होती, दोनांवर मातीचा ढीग. आत चार पिल्लं. गेले महिनाभर मल्लव्वा आणि मी लांबून बघतोय, जवळ जात नाही, बोलतसुद्धा हळू.

"बंद कर ते."
"आर्डर आहे, अज्जी."

अज्जी! मी त्याच्या पुढ्यात मातीत बसले. त्यानं इंजिन बंद केलं, डबा उघडला आणि मलाच विचारलं, "रोटी खाणार?" माणूस वाईट नाही. त्यामुळे धड शिव्याही देता आल्या नाहीत.

मग कंत्राटदार आला. कागद दाखवला. पडीक जमिनीवर वनीकरण. सोबत गावाचाच अर्ज जोडलेला. इंग्रजीत, टाइप केलेला, खाली सह्या आणि अंगठे. सगळ्यात वर माझी सही.

हुबळीला गेले नाही.

१५ एप्रिल, बुध.
अर्जाची प्रत काढून चार वेळा वाचली.

जानेवारीत आवई उठली की बेलूरकडचे कारखाने आता आपला माळ घेणार. ग्रा.पं.त सगळे जमले, माळ देऊ नका असा अर्ज करायचं ठरलं. म्हणाले, अक्का कॉन्व्हेंटची, रेल्वेच्या मालऑफिसात हेडक्लार्क होती, तिनं इंग्रजीत लिहिलं की साहेबलोक उठून उभे राहतात. मी फुगले. ते कन्नडात सांगत होते, मी थेट इंग्रजीत टाइप करत होते. मल्लव्वा म्हणाली, "बीळु बिट्टीवि, असं लिही. आम्ही बीळु सोडलीय."

मी लिहिलं, वेस्टलँड.

रुळांकडेच्या मोकळ्या जागेला ऑफिसात जन्मभर तेच लिहीत आले. बोटांनी आपणहून लिहिलं. बीळु म्हणजे मुद्दाम न नांगरता गवतासाठी राखलेली. माझ्या आजोळी तिलाच पड म्हणत. मला ठाऊक होतं. ठाऊक होतं!

शाळेत सिस्टर स्पेलिंगसाठी छडी मारायच्या. अर्थासाठी कधी मारली नाही.

१६ एप्रिल, गुरु.
धारवाड. वनखात्याचं ऑफिस. दोन तास बाकावर. आत साहेब, वय माझ्या भाच्याएवढं, अगदी नम्र.

"मेडम, झाडंच लावतोय ना? खून करत नाही."
म्हटलं, गवतावर सावली पडली की गवत मरतं. गवत मेलं की मेंढ्या कुठे नेणार? चंडोल, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, ती कुठे घालणार? खोकड काय झाडावर राहणार?
"पण तुम्हीच लिहिलंय की वेस्टलँड. वेस्ट होती, आम्ही उपयोगात आणली. गावाला आनंद व्हायला पाहिजे."
"तो शब्द चुकला."
"मग दुरुस्तीचा अर्ज द्या. पहिल्या अर्जावर ज्यांनी सही केली, त्या सर्वांनी पुन्हा करायची."
"तोपर्यंत काम थांबवा."
"बघू."

लेखी द्या म्हटलं, तर हसला. चहा मागवला. प्यायले नाही. बाहेर आल्यावर प्यायला हवा होता असं वाटलं, चक्कर येत होती.

१८ एप्रिल, शनि.
मल्लव्वाला खरं सांगितलं. तिला वाचता येत नाही, सांगितलं नसतं तरी चाललं असतं. म्हणूनच सांगितलं.

"तू बीळु म्हणालीस. मी टाकाऊ असं लिहिलं."
तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग हसायला लागली, तोंडात पदर कोंबून. "मग मीही टाकाऊच की ग! नवरा गेल्यापासून मलाही कुणी नांगरलेलं नाही."

दोघी हसलो. मग ती एकदम थांबली. म्हणाली, "अक्का, पावसाळ्यात मेंढ्या न्यायच्या कुठं? सगळ्यांच्या रानात पीक असतं. हा माळ गेला तर मी विकून टाकीन. विकून मग काय करायचं, बसायचं?"



२१ एप्रिल, मंगळ.
सह्यांसाठी दारोदार. अकरा घरं, तीन सह्या.

अप्पण्णा ग्रा.पं.चा सदस्य. ओट्यावर बसवलं, ताक दिलं, सही दिली नाही. "अक्का, झाडं नकोत म्हणणारी बाई म्हणून पेपरात फोटो येईल तुमचा. खड्ड्यांवर पोरींना मजुरी मिळतेय, ती कशाला तोडता?"
म्हटलं, तुझ्या हरभऱ्यातले उंदीर कोण खातं? ती खोकड. तुझ्या ज्वारीतले टोळ कोण खातं? हिवाळ्यात माळावर उतरणारे भोवत्ये, ते घिरट्या घालणारे शिकारी पक्षी.
"टोळांना औषध मिळतं दुकानात."
मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये ते शिकवत नाहीत.

त्याची बायको दारातून म्हणाली, "मागच्या वेळी तुमच्या इंग्रजीवर अंगठा दिला, तर हे झालं. आता कशावर द्यायचा?"

ताक अर्धं टाकून उठले. तिचं काय चुकलं?

२३ एप्रिल, गुरु.
एक पिल्लू खड्ड्यात सापडलं. मेलेलं. पडलं असणार, वर चढता आलं नाही. दिवसभराचं ऊन. कडेला नखांचे ओरखडे, सगळ्या बाजूंनी. आई भोवती फिरत होती, आम्हाला बघून पळाली, पुन्हा आली.

मल्लव्वानं उचललं. मला हात लावता आला नाही.

घरून कुदळ आणून तो खड्डा बुजवला. पुढचाही. तिसऱ्याला कंबर धरली. उठता येईना. मल्लव्वानं आपली काठी दिली. खड्डे अजून शेकड्यांनी आणि आम्ही दोन म्हाताऱ्या. रडले. खूप वर्षांनी, आणि उघड्या माळावर, मेंढ्यांसमोर.

उरलेला अर्धा माळ सोमवारी ४ मेला खणणार. कंत्राटदारानं फोनवर सांगितलं, अगदी गोड आवाजात.

२५ एप्रिल, शनि.
कंबर. अंथरुणातून उठले नाही. भाची फोनवर, "आत्या, तू कशाला मधे पडतेस?"
मी मधे पडले नाही ग. सुरुवातच माझ्यापासून आहे.

२७ एप्रिल, सोम.
अप्पण्णाची बायको आली. एकटी, मागच्या दारानं. म्हणाली, कन्नडात लिहा, मला वाचून दाखवा, मग देते. लिहिलेलं वाचलं. एका ओळीला थांबवलं, "जैवविविधता म्हणजे?" सांगितलं. "मग तसंच लिहा ना." खोडलं. खोकड, टिटवी, चंडोल, मेंढ्या असं लिहिलं. अंगठा दिला. नवऱ्याला सांगू नका म्हणाली.

एकूण सात. सगळे व्हायचे नाहीत. दोघं तर वारलेत, त्यांची पुन्हा सही साहेबांनीच आणून दाखवावी.

फॉर्ममध्ये रकाने चार. वन, शेती, पडीक, इतर. गवताला रकाना नाही. 'इतर'वर खूण केली.

२९ एप्रिल, बुध.
दु. १२.१५ला ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज दिला. पोचेचा शिक्का मारायला कारकून तयार नव्हता. टेबलासमोरून हलले नाही. मारला. मजकूर इथे मराठीत उतरवते.

'जानेवारीच्या अर्जातला "वेस्टलँड" हा शब्द माझा. गावानं तो सांगितला नव्हता. गावानं बीळु म्हटलं, म्हणजे मेंढ्या-गुरांसाठी आणि जे जमिनीवर घरं करतात त्यांच्यासाठी मुद्दाम न नांगरलेला माळ. चूक करणारी मी आहे, माझ्यावर काय ती कारवाई करा. चुकीच्या शब्दावर माळ खणू नका. खणलेले खड्डे बुजवा. एक पिल्लू मेलं आहे, तीन अजून बिळात आहेत.

"बघू" हे उत्तर मी धरत नाही. फोन धरत नाही. चहा धरत नाही. काम थांबवलं की नाही, एवढंच, सही-शिक्क्यानिशी, शनिवार दि. २ मे, सायंकाळी पाच वाजायच्या आत मला लेखी कळवावं.'