सतरा मिनिटे लागून राहिलेले बटण

प्रति,
मा. उपसंचालक,
माहितीपट विभाग, दुसरा मजला.

विषय : कडी. लाल दिवा. मेहुणीचा सोफा. मिक्सरवरील टॉकबॅकचे बटण पुन्हा चालू करून मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपला तोंडी आदेश, "बंद करा ते आधी!" (२) मिक्सरचे माहितीपुस्तक, पान ४१. (३) आपले हसू.

महोदय,

१. अर्जदार या विभागात एकोणीस वर्षे ध्वनिमुद्रक आहे. खांद्याला अडकवलेला आवाजाचा मिक्सर पोटाशी धरून तो उभा असतो आणि लांब काठीवरचा माइक, म्हणजे बूम, धरणारी बाई पंचवीस फुटांवर असते. ती अर्जदाराची पत्नी होय. चित्रण चालू असता ओरडता येत नाही, म्हणून टॉकबॅक. बटण दाबून अर्जदार बोलला की ते फक्त तिच्या कानात जाते. ती कमरेच्या पेटीतून उत्तर देते. "जरा वर." "सावली पडतेय." "पुरे." नोकरी आणि संसार, दोन्ही गाडे या तीन वाक्यांवर बरे चालले होते.

२. सदर बटणाचा स्वभाव (संदर्भ क्र. २) असा : दाबून धरले तर बोट उचलताच लाइन तुटते. टिचकी मारून सोडले तर पुन्हा टिचकी मारेपर्यंत लागून राहते. अकरा दिवसांपूर्वी नव्या अभिलेख कक्षात आपले निवेदन चित्रित करायचे होते. कधी बोलायचे, कधी थांबायचे हे आपल्याला कळावे म्हणून आपले हेडफोनही त्याच लाइनला जोडले होते. अर्जदाराने "साहेब, बोला" म्हटले आणि दाबून धरण्याऐवजी टिचकी मारली. लाल दिवा लागला. तो ढेरीखाली झाकला गेल्याने अर्जदारास दिसला नाही आणि लाइन आपल्या कानातही उघडी आहे हे कळले नाही.

३. पुढील सतरा मिनिटे आपण कागदपत्रांच्या जतनावर बोलत होतात आणि आपल्या कानात अर्जदाराचे न्हाणीघर होते. त्याच्या दाराची कडी चार महिने तुटलेली. आत माणूस आहे हे बाहेर कळावे म्हणून आतल्याने गात राहायचे, असा घरचा नियम पडला होता. त्यावर पत्नी म्हणाली, "अहो, चार महिने गातेय मी. घसा बसला, पण कडी काही बसली नाही." अर्जदार म्हणाला, "रविवारी बघतो." ती म्हणाली, "कुठल्या? सालासकट सांगा. घरी तुमच्या कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म. इथे कानात बोलते म्हणून निदान ऐकता."

४. आपण हेडफोन काढले नाहीत. ही बाब अर्जदार तक्रार म्हणून नव्हे, आदराने नमूद करतो. नवव्या मिनिटाला, वाळवीने खाल्लेल्या दस्तऐवजांविषयी बोलताना, आपण हसलात. सतराव्या मिनिटाला आपण निवेदन सोडून थेट कॅमेऱ्यात पाहून म्हणालात, "अहो, दहा मिनिटांचं काम आहे! घरात स्क्रू ड्रायव्हर नाही का?" सगळा विभाग अर्जदाराकडे वळून पाहू लागला. त्यानंतर संदर्भ क्र. १.

५. आदेशानुसार टॉकबॅक बंद करून बटणावर चिकटपट्टी लावण्यात आली. चारचौघांत शोभा झाली म्हणून पत्नी त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेली आणि तिथे सोफ्यावर झोपते. ती फोन उचलत नाही. निरोप धाडला, तर मेहुणीचे उत्तर आले : "आमच्याकडे कडी आहे. ताई सुखात आहे." पत्नी कामावर मात्र वेळेवर येते. अर्जदार जवळ जाऊन तोंड उघडतो न उघडतो तोच ती काठी वळवून माइक त्याच्या तोंडासमोर धरते. त्यामुळे "अगं, ऐक ना" हे वाक्य आजवर सहा वेळा, उत्तम दर्जात, विभागाच्या संग्रहात जमा झाले आहे.

६. तूर्त काम हातवाऱ्यांवर चालते. हात वर केला की माइक वर, असे ठरले आहे. परंतु अर्जदार हताश होऊन कपाळाला हात लावतो, तेव्हाही ती माइक वर नेते; आणि अर्जदार हल्ली वारंवार हताश होतो. परिणामी मंगळवारी मुख्य लिपिकांची मुलाखत घ्यायला गेलेले पथक छताच्या पंख्याची मुलाखत घेऊन परतले.

७. सबब विनंती की, बटण कायमचे नको, एकदाच चालू करून मिळावे. टिचकी नाही, दाबून धरण्यापुरते. अर्जदारास एकच वाक्य सांगायचे आहे आणि ते ऐकणे तिला कामाचा भाग म्हणून टाळता येणार नाही, अशी जगात ती एकच लाइन उरली आहे. आपले हेडफोन जोडून ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. पुढे काय झाले, अशी आपण शिपायाकडे दोनदा चौकशी केल्याचे समजते. घरात अकरा दिवस कोणी गायलेले नाही.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
(सही)
ध्वनिमुद्रक
दिनांक : आदेशापासून अकरावा दिवस

सोबत :
(१) सतरा मिनिटांचे मुद्रण, आपल्या हसण्यासह. मूळ प्रत अर्जदाराकडे असून अद्याप कोणास ऐकवलेली नाही.
(२) माहितीपुस्तकाचे पान ४१.
(३) उरलेला स्क्रू, एक नग.

प्रत माहितीसाठी : बूम ऑपरेटर, माहितीपट विभाग.

न्हाणीघराची कडी चित्रणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळीच बसवली आहे.