फणसाखाली जाऊन येईन

२ मे १९८४, बुधवार
शकू, मुंबईला गेल्यापासून तुझं डोकं कुठे असतं? वही उघडलीस हेच विसरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. पाय डावा. डावा गो! तुझ्या पत्रात दोनदा उजवा. आईचे पाय दोनच, तेही लक्षात राहू नयेत?
मी सांगते, विमल लिहिते. सून असली तरी गाळायचं काही नाही, बजावलंय.
पडवीत खाटेवर. प्लॅस्टरच्या आत खाज. विणायची सुई मागितली तर तुझा भाऊ वसंता म्हणतो, "डॉक्टरांना विचारतो." खाज मला, विचारणार डॉक्टरांना.

५ मे, शनिवार
आज वाडीतल्या बायका समाचाराला. पायावर फणस पडला म्हटल्यावर पहिला प्रश्न, "कापा की बरका?" पायाचं मग. येतो तो हेच विचारतो.
कापा होता. पिकलाय का म्हणून वाजवून बघत होते, त्याने उत्तर पायावरच दिलं. मी इस्पितळात, आणि इथे घरात बसून गरे खाल्ले सगळ्यांनी. मला एक गरा ठेवला नाही.
विमल म्हणते, "आई, आठळ्या ठेवल्यात की." हो. आठळ्या. लिही तेही.
जेवायला परत पेज.

१२ मे, शनिवार
वसंताने आज सांगितलं, भाजी कुठली आणू विचारावं तसं: पाऊस लागायच्या आत मला तुझ्याकडे मुंबईला न्यायचं ठरलंय. कायमचं. कुणाचं ठरलं? तुम्हा बहीणभावाचं, पत्रापत्री करून. मी खाटेवर होते, मेले नव्हते.
"इथे परसात घसरशील. शकूकडे आराम मिळेल."
तुझी खोली तिसऱ्या माळ्यावर. पाय मोडलेल्या म्हातारीला तिसरा माळा! एकदा चढवलीत की खाली आणणार ते चौघेच, खांद्यावरून.
खूप भांडले. शेवटी तो वैतागला. "शकू न्यायला यायच्या आत एकटी फणसाखाली जाऊन ये, मग राहा इथे." बोलून गेला. विमल साक्षीला.

१९ मे, शनिवार
प्लॅस्टर निघालं. पाय माझा वाटेचना. वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. डॉक्टर म्हणाले, टेका, पण हळू. पडवीच्या खांबापर्यंत गेले काठीने. घामाने लुगडं भिजलं.
शेजारची हमीदा गडग्यापलीकडून, "मावशी, नव्या नवरीसारख्या चालताय!"
म्हटलं, नवरीला धरायला माणसं असतात. मला नुसती बोलायला.

२३ मे, बुधवार
विमलने काल फणस काढवला, तो कोवळा निघाला. वर हाताला तेल न लावताच फोडायला बसली. चीक पार केसांपर्यंत. या घरात फणस वाजवायला कुणाला येत नाही. वसंता वाजवतो म्हणजे उधारीवाल्याने दार ठोकावं तसा. मी मागच्या दारातून ओरडते, "पुन्हा वाजव!" पण बद्द वाजला की टण्, ते तिथून काय कळणार?
म्हणून निघाले. चिऱ्याच्या पहिल्या पायरीवर उतरले. वर बघितलं. झाडाला अजून चांगले दहाबारा लोंबताहेत, एकेक केवढा...
परत फिरले. वसंताला सांगितलं, पाय दुखला. पाय नव्हता दुखत.
विमल, हे... बरं, असू दे. लिही.

२७ मे, रविवार
वसंता मिरकरवाड्याला मासळीला गेला. मी गेले.
काठी, पायऱ्या, तापलेला कातळ. फणसाखाली उभी राहिले. आधी मान वर होईना. मग केली. म्हटलं, मेल्या, आणखी एक पाय आहे, टाक!
नाही टाकला. काठीनेच एक वाजवला. बद्द. पिकलेला.
विमल मागच्या दारात, तोंडाला पदर लावून. धरायला धावली नाही. बरं केलंन.
वसंता आला. सांगितलं, जाऊन आले. "कोणी बघितलं?"
"मी," विमल म्हणाली.
"तू आईच्याच बाजूची."
घ्या! सासूसुनेचं पटणं हाही आता गुन्हा. संध्याकाळी पाय सुजला, म्हणजे त्याला आयतंच सापडलं. "बघ, म्हणून सांगत होतो." बघ काय बघ!

३० मे, बुधवार
सूज निम्मी उतरली. वसंता आता म्हणतो, शकू आली की तिच्यासमोर चालून दाखव, मग बघू. म्हणजे बोललेलं फिरवलंन. बोट धरून चालायला शिकवलं दोघांना, तेच आता माझी परीक्षा घेणार.
विमलला विचारलं, तुला काय वाटतं, जाऊ मी? लिहिताना थांबली. म्हणाली, "मग फणस कोण वाजवणार?" एवढंच. वर बघितलंन नाही.
हमीदाचा दीर उद्या एसटीने मुंबईला जातोय. त्याच्याबरोबर ही वही, आणि डब्यात मी वाजवलेल्या फणसाचे गरे. कापा आहे, विचारत बसू नकोस. आठळ्या मी ठेवून घेतल्या.
आलीस तर ये. माझे कपडे भरायला बॅग आणू नकोस. आणि डबा रिकामा परत करू नकोस. पेज झाली, मऊ भात झाला, दुधातली बिस्किटंही झाली. मोडला तो पाय, दात नव्हे. शेंगदाण्याची चिक्की पाठव. कडक.