लोणी येईपर्यंत

कूलनाहिन्श, कॉर्क
१९ एप्रिल १९२१

ती. गोबनेटताईस हॅनाचा वाकून नमस्कार,

वि. वि. हे पत्र टपालाने नाही, आपल्या नन झालेल्या मावशीच्या झग्यातून येत आहे. टपाल पोलीस फोडतात. मावशीला हात लावायची अजून कुणाची छाती नाही.

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. घर उभं आहे. बाबांचा उजवा हात मात्र मोडला. शुक्रवारी सार्जंट गिल्डे इंग्लंडहून आलेल्या काळ्या-खाकी वेषातल्या तिघा पोलिसांना घेऊन सायकलींवरून आला. बंडात गेलेला आपला भाऊ डार्बी कुठल्या डोंगरात लपलाय, म्हणून दरडावू लागले. बाबा म्हणाले, की डोंगर पुष्कळ आहेत, निवडा हवा तो. त्यावर एकाने बंदुकीच्या दस्त्याने त्यांचा हात फोडला. ताई, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मग म्हणे छप्पर पेटवा. पण मेल्यांच्या काड्या पावसात भिजलेल्या! एकजण चुलीतला निखारा चिमट्यात धरून दाराकडे निघाला.

मी पिंपात साय घुसळत होते. मी बोंबच ठोकली, की घुसळण चालू असताना विस्तव घराबाहेर जात नाही, आणि आलेल्या माणसाने दांड्याला हात लावल्याशिवाय जायचं नसतं! इंग्रज खदाखदा हसले. गिल्डे पडला आपल्याच देशातल्या मेयोच्या खेड्यातला. त्याने टोपी काढली, दांडा घेऊन चार वेळा खाली-वर केला, आणि लोणी यायला अजून बराच वेळ आहे म्हणाला. तिघांना बजावलं, की असा निखारा नेणारा वाटेतच मेलेला मी पाहिलाय, आणि आपली वाट डोंगरातून आहे. अगं, लोणी तर कधीच आलं होतं! मी आपली घुसळतेच आहे. सांज झाली तशी चौघांनी सायकली काढल्या. कसं बनवलं सार्जंटला?

माझ्यावर माया ठेव, आणि थोडं कौतुकही धाड.
तुझी हॅना

लिव्हरपूल
२७ एप्रिल १९२१

चि. हॅनास ताईचे पोटभर आशीर्वाद,

बाबांचं वाचून रडले. मालकीणबाईंना सांगितलं, कांदा चिरत होते. सगळे इकडे निघून या म्हणणार होते, पण आई गाईंचं काय म्हणून विचारील, तेव्हा म्हणत नाही.

कौतुकही करणार होते, पण तू जन्माची बावळट! मेयोच्या खेड्यात वाढलेल्याला, दांडा हाती घेतल्यावर, खाली गोळा जमलाय हे कळत नाही होय? शेंबड्या पोरालाही कळतं ते. तू बनवलंस तिघांना. सार्जंट खोटं बोलला, बाई. पोलिसांवर बहिष्कार म्हणून वर्षभर आपण त्याच्या बायकोला लोण्याचा कण विकला नाही, आणि तरी बोलला. गावात अवाक्षर काढू नकोस, त्याच्या जिवावर बेतेल.

सगळ्यांना जप. राग आला तरी पत्र लिही.
गोबनेट

कूलनाहिन्श
८ मे १९२१

ती. ताईस नमस्कार,

तुझं पत्र घरात वाचून दाखवलं आणि चुलीत घातलं. माझी मलाच लाज वाटली. बाबा झोळीतल्या हाताकडे बघत म्हणाले, की त्या तिघांना आपल्या दारी आणलं त्यानेच. तेही खरंच आहे.

संध्याकाळी जपमाळेला बसलो. बाबांनी डार्बीसाठी मागितलं, तुझ्यासाठी मागितलं, गाभण गाईसाठी मागितलं. मग पुटपुटले, की मेयोच्या एका माणसासाठीही. आईने आमेन म्हटलं, आणि लगेच देवाला बजावलं, की एकासाठीच हं, बाकीच्या तिघांचा इथे काही संबंध नाही.

माया आहे तशीच राहू दे. शहाणपण मात्र बेतानेच पाठव.
हॅना