दीड इंच

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. सातवीत शाळा सोडलेल्याच्या हातचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? दर रविवारी माझं हॅलो पुरं व्हायच्या आत तुझं ठरलेलं वाक्य येतं. अप्पा बरे आहेत, शेठही बरा आहे, तू तिकडे नीट राहा. सहा वर्षं हे वाक्य मी गोळीसारखं गिळलं. या मंगळवारी ते घशात अडकलं, ते अजून खाली उतरत नाहीये.

शेठला आणला तो दिवस तुला आठवत असेल. मी घर सोडायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. पिशवीतला मासा बघून अप्पा आधी माझ्यावरच खेकसले, स्वतःचा ठावठिकाणा नाही आणि हा पाहुणा कशाला? मग बिस्किटांची मोठी बरणी स्वतःच घासली, शिलाई मशीनच्या शेजारी ठेवली, आणि गळ्यातली टेप न काढता, तसेच वाकून, तिचं टोक काचेला लावून म्हणाले, दीड इंच. सुटलेलं पोट बघून शेठ हे नावही त्यांनीच दिलं. हा मोठा झाल्यावर मावेल का बरणीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, मासा शहाणा असतो, आपण कापड बघून सदरा बेततो तसा तो बरणी बघून वाढतो. तुझ्यासारखा नाही, पायाला भिंगरी लावलेला. तू खो खो हसलीस आणि त्या दिवसापासून मी भिंगऱ्या झालो.

गॅरेज, बेकरी, मालाची गोदी, रद्दीचं दुकान, कुठेच दीड वर्षापलीकडे टिकलो नाही, हे तुला माहीतच आहे. हे पाचवं काम. दवाखाने, हॉटेलं, हापिसं, जिथे जिथे मोठ्या काचेच्या टाक्यांत मासे ठेवलेत तिथे जाऊन त्या साफ करायच्या. आमचा मुकादम, त्याला सगळे उस्ताद म्हणतात, पहिल्याच दिवशी माझ्यावर ओरडला. मी टाकीतला स्पंज नळाखाली धरून असा धुतला होता की पांढराशुभ्र. तो म्हणाला, अरे शहाण्या, त्या मळातच डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, तेच माशाची घाण पचवतात, तू त्यांनाच गटारात सोडलंस. पाणी चकचकीत दिसतं म्हणजे ते चांगलं असतंच असं नाही. सगळं एकदम बदलायचंही नाही, पाव हिस्सा काढायचा आणि तेवढंच नवं घालायचं. मला आपली बरणी आठवली. दर रविवारी तू ती साबणाने खसाखसा घासतेस, पाणी पार बदलतेस, असं तूच सांगितलेलं, आणि शेठ तरी ठणठणीत. मला वाटलं, आपला शेठ म्हणजे वेगळंच पाणी आहे.

मंगळवारी, दोन महिने जातोय त्या दातांच्या डॉक्टरकडे टाकी साफ करत होतो. त्यात शेठच्याच जातीचा मासा, माझ्या पंज्यापेक्षा लांब. उस्ताद म्हणाला, चार वर्षांचा आहे. मी फुशारकी मारली, आमचा सहा वर्षांचा आहे, बरणीत राहतो, अजून दीड इंच. आम्हाला टाक्यांवर नेणारा गाडीवाला इतका हसला की बादलीच लवंडली. म्हणाला, लेका, तो एक मासा नाही, वरात आहे! तुझी ताई आणि मासेवाला एव्हाना सोयरे झाले असतील. उस्ताद हसला नाही. बरणीमुळे मासा वाढायचा थांबत नाही रे, म्हणाला, त्यात तो कुढतो, आजारी पडतो आणि मरतो. घरी कोणीतरी तुझ्यावर फार माया करतंय एवढंच.

तिथेच पायरीवर बसून तू पाठवलेले सगळे फोटो काढून बघितले. कुठे शेठ केशरी, कुठे पिवळट. उस्ताद म्हणाला, रंग बदलतो कधीकधी. मला जरा धीर आला. पण ताई, आपल्या शेठची शेपटी एकेरी होती. मेच्या फोटोत ती दुहेरी आहे. अप्पा कितीही कसबी असले तरी माशाच्या शेपटीला झालर लावत नाहीत.

तू मला फसवलंस. मासे मरतात, त्याचं काही नाही. पण दर वेळी नवा आणून, त्याला जुन्याचं नाव देऊन, वर मलाच विचारायचीस, ओळखलास का? मी म्हणायचो, ओळखला. इथल्या सगळ्यांना मी ते फोटो दाखवत फिरायचो. का केलंस तेही मला कळतं. मासा मेल्याचं कळलं तर हा पोरगा हे निमित्त करून काम टाकून येईल, असं तुम्हाला वाटलं असणार. माशाला क्षणभरापूर्वीचंही आठवत नाही म्हणतात, तेही खोटं आहे. तो दातांच्या डॉक्टरकडचा मला बघून काचेशी येतो, दुसऱ्या कोणाला बघून येत नाही. मासासुद्धा माणूस ओळखतो, आणि तू मला शेपटीही ओळखता येणार नाही असं धरून चाललीस.

पण हे पत्र शेठसाठी नाही. मंगळवारपासून मी एकच फोटो बघतोय, गेल्या महिन्यातला. मला पटावं म्हणून तू बरणीला टेप लावून तो काढलास. बघ, अजून दीड इंच. आधीच्या फोटोंत कडेला अप्पांचा हात असायचा, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घातलेला. चार महिने तो हात दिसला नाही. चार महिने मी फोन केला की अप्पा अंघोळीला गेलेले असतात, गिऱ्हाइकाकडे असतात, नाहीतर आत्ताच डोळा लागलेला असतो. आणि ताई, अप्पा टेप कधी गळ्यातून काढत नाहीत. जेवताना नाही, भांडताना नाही, शेठला मोजतानाही काढली नव्हती. मग ती तुझ्या हातात कशी आली? तुझ्या वाक्याचा अर्धा भाग खोटा निघाला, उरलेल्या अर्ध्याचं मी काय करू? शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. उस्तादने सुट्टी दिली आहे, काम सोडलेलं नाही. जे असेल ते तसंच राहू दे, माझ्यासाठी काही मांडून ठेवू नकोस. बरणी रिकामी असेल तर रिकामीच ठेव.

तुझाच,
भिंगऱ्या