दादांची चांदीची डबी

नारायण पेठ, पुणे
मंगळवार

तीर्थस्वरूप रामदासदादांच्या चरणी धाकट्या श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आता स्वच्छ दिसत असेल. थेंब वेळेवर घालत जा, आणि वहिनींच्या गुडघ्याचं कळवा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि हा विषय वहिनींनी ऐकण्यासारखा नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी संडासाच्या भांड्यासमोर उकिडवा बसलो. तुम्ही आठ दिवस राहून लोणीला परतलात, त्या दिवसापासून ते तुंबलं होतं. (या दोन गोष्टींचा संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही, देवाशपथ.) शर्मिला प्लंबर बोलवा म्हणत होती. मला मात्र आपली गावची शाळा आठवली. दर शनिवारी संडास धुण्याची पाळी असे, आणि हे काम हलकं मानणाऱ्याला गुरुजी वर्गात बसू देत नसत. (तुमची पाळी आली की तुमच्या पोटात दुखायचं, म्हणून मला या कामाचा दुप्पट सराव आहे.) प्लंबर नको, मीच काढतो म्हटलं. त्यावर शर्मिला म्हणाली, "अहो, साधना देवघरात करतात. इथे दार लावून काय बसताय?"

ओवीने मोबाइलवर बघून सांगितलं तसा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस भरपूर आला, पाणी जागचं हललं नाही. मग रबरी दट्ट्या आणला. त्याने पाणी हललं, पण माझ्या दिशेने. (दुसरी अंघोळ.) मग कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून आत घातली, तर तीच अडकून बसली. शेवटी लांब पिशवी कोपरापर्यंत चढवून, वर रबरबँड लावून मी हात घातला. त्या वेळी मी नामस्मरण करत होतो, हे नंतर लक्षात आलं. अशा जागी देवाचं नाव घ्यावं का, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, चालतं.

तार हाताला लागली, आणि तारेसोबत आली तुमची चांदीची डबी. झाकणावर 'रा' कोरलेली. भांड्यातलं पाणी एकदम खाली गेलं.

निघायच्या दिवशी ही डबी सापडेना, तेव्हा तुम्ही म्हणालात की तिच्यात देवाचा अंगारा आहे. तो भिजला असेल म्हणून मी डबी तीनदा उकळत्या पाण्यातून काढून उघडली. एका झाकणाखाली चुना निघाला, दुसऱ्याखाली तंबाखू. झाकणं इतकी घट्ट, की ती अजून कोरडी आहे. देवळात शपथ घेऊन तुम्ही तंबाखू सोडलीत त्याला सहा वर्षं झाली. तुम्हाला सकाळी संडासात पाऊण तास का लागायचा, तेही उमगलं. (आम्ही तुम्हाला रोज इसबगोल देत होतो. क्षमा असावी.)

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण डबी शोधताना तुम्ही मोठ्याने म्हणालात, "बाहेरची माणसं घरात वावरतात, जरा जपून राहा." सत्यशीलाबाई तेव्हा ओट्यापाशी भांडी घासत होत्या. त्यांनी हात पुसले आणि गेल्या. बारा वर्षांत न सांगता खाडा नाही, त्या दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. आणि मी तुमच्या शेजारीच उभा होतो, दादा. गप्प उभा होतो. संडासात हात घालायला मला संकोच वाटला नाही, मोठ्या भावापुढे तोंड उघडायला वाटला.

आपला आज्ञाधारक,
श्रीनिवास

ता. क. रविवारी लोणीच्या शाळेत तुमचं व्यसनमुक्तीवर व्याख्यान आहे, हे कळलं. त्याआधी शनिवारी इकडे या आणि सत्यशीलाबाईंशी दोन शब्द बोला. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. डबी पत्रासोबत पाठवणार होतो. चार दिवस देवघरापाशी ठेवून विचार केला. काल त्यांच्या घरी गेलो, हात जोडले आणि सगळं सांगितलं, तुमच्या नावासकट. त्या म्हणाल्या, "तुमचं बोलणं झालं भाऊ. ज्यांनी चोर म्हटलं, त्यांचं ऐकायचंय मला." मला ते पटलं. डबी त्यांच्याच हातात देऊन आलो. शनिवारी आलात तर त्या तुम्हाला इथे परत देतील. नाही जमलं तरी काळजी नको, रविवारी त्या शाळेतच आणून देतील. लोणीची बस कुठून सुटते, ते मी त्यांना सांगून ठेवलं आहे.