साडेबाराचं गंगास्नान

प्रिय अप्पा,

आज दीपावळी. पहाटे चारला वेलचेरीत पहिला फटाका वाजला आणि सवयीनं मी अंथरुणात उठून बसले. मग आठवलं की यंदा आपल्याकडे काही नाही. तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे तेल नाही, नवे कपडे नाहीत, गोडधोड नाही. आई कधीच उठली होती आणि नुसतीच स्वयंपाकघरात उभी होती.

सहाच्या सुमारास समोरच्या वसंता मामी ताट घेऊन बाहेर पडल्या. दर वर्षीप्रमाणे प्रत्येक दारात त्यांचा तोच प्रश्न, "गंगास्नानम् आच्चा?" आणि प्रत्येक दारातून तेच उत्तर, "आच्चु मामी, आच्चु!" गंगास्नान झालं का, तर झालं. आपल्या इमारतीच्या टाकीत टँकरचं पाणी का असेना, आजच्या पहाटे ती गंगा! मी दारातच उभी होते. मामी आपल्या दारापाशी आल्या, माझ्या दंडावर हात ठेवला, आणि काही न विचारता पुढे गेल्या. अप्पा, मला कुणीतरी विचारायला हवं होतं हो.

मी आत आले तेव्हा आईनं मला गेल्या दीपावळीची एक गोष्ट सांगितली. तुम्ही असताना तिनं ती कधी सांगितली नव्हती, आणि नंतरही नाही. ती ऐकल्यापासून मी हे पत्र लिहायला बसलेय. गोष्ट सांगतेच, पण आधी मला माझं कबूल करू द्या.

(घरात बोलतो तसं लिहीत नाहीये हे तुमच्या लक्षात येईलच. तुम्हीच शिकवलंत ना, बोलायचं आपलं तंजावरी आणि लिहायचं पुस्तकातलं! जॉर्ज टाउनच्या ज्या कागदाच्या दुकानात तुम्ही नोकरीला होतात, तिथून रद्दीचे कापलेले तुकडे आणून त्यावर अक्षरं गिरवून घेतलीत. तमिळ शाळेत जाणारी पोर मराठीत नापास होऊ नये म्हणून केवढा खटाटोप! परीक्षा घेणारेही तुम्हीच होतात, ते सोडा.)

कॉलेजातून एका वर्षासाठी जर्मनीला जायला माझी निवड झाली, तेव्हा आई रडली आणि तुम्ही यादी करायला बसलात. लोकरीची टोपी, दोन स्वेटर, मेतकूट, आणि एक तेलाची बाटली. तिळाचं तेल, मिरे आणि विड्याचं पान घालून तुम्ही स्वतः तापवलेलं. झाकणावर मेण, मेणावर चिकटपट्टी, त्यावर पिशवी, पिशवीवर दुसरी पिशवी. "दीपावळी तिथंच होईल तुझी," म्हणालात, "तेल नको का?" आणि विमानतळावर, शेवटच्या काचेपाशी, जगातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारल्यासारखं, नेहमीच्या लाडाच्या हाकेनं विचारलंत, "कण्णा, तिथं कावळे असतात की नाही गे?" रोज सकाळी कावळ्याला भात घातल्याशिवाय न जेवणारा माणूस दुसरं काय विचारणार? असतात, अप्पा. चांगले गलेलठ्ठ असतात. हे मी तुम्हाला पहिल्याच फोनवर सांगितलं आणि तुम्ही निश्चिंत झालात.

मी मात्र निश्चिंत नव्हते. तुम्हाला फोनवर सांगितलं ते सगळं छान छान होतं. बस मिनिटाला मिनीट वेळेवर येते, रस्ते धुतल्यासारखे आहेत, सफरचंदं झाडाखाली पडलेली असतात. जे सांगितलं नाही ते हे, की पहिले दोन महिने मी दिवसभरात दहा वाक्यंसुद्धा बोलत नव्हते. वर्गात प्राध्यापकांचं बोलणं डोक्यावरून जायचं. दुपारी गार पाव आणि चीज, संध्याकाळी गार पाव आणि चीज. आपल्या वेलचेरीत शेअर ऑटोवाले, भाजीवाले, मंदिराचा कर्णा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळे एकदम बोलतात, तेव्हा मी कान झाकून अभ्यास करायचे. तिथल्या शांततेत मला अभ्यास करवेना.

मी फ्राऊ लिंडनर नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. बाई वाईट नव्हत्या, पण नियमांच्या पक्क्या. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी टंकलिखित नियम चिकटवले होते. कचरा चार डब्यांत. खिडकी दिवसातून दोनदा दहा मिनिटं उघडायची. आणि सकाळी सातच्या आधी स्नान करायचं नाही, पाण्याचा आवाज भिंतीतून त्यांच्या उशाशी येतो म्हणून. हा नियम मी तुम्हाला सांगितला असता तर तुम्ही मला पुढच्याच विमानानं परत बोलावलं असतंत!

आणि तेल? पहिल्या आठवड्यात मी आपली घरच्यासारखी तेल लावून, घट्ट वेणी घालून वर्गात गेले. खोलीत हीटर चालू. थोड्या वेळानं माझ्या शेजारची मुलगी उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. तेलामुळेच उठली असं ती काही म्हणाली नाही, कदाचित तिला फळा दिसत नसेल. पण मी त्या दिवसापासून डोक्याला तेल लावणं बंद केलं. तुम्ही दर रविवारी विचारायचात, "तेल लावतेस ना?" आणि मी म्हणायचे, "हो तर!"

ही माझी पहिली थाप. तिच्यामागून दुसरी सोपी गेली.

दीपावळीच्या आदल्या रविवारी तुम्ही बजावलंत, "पहाटे ऊठ, तेल लाव, स्नान कर, आणि मग लगेच मला फोन कर. मी वाट बघतो." आपल्या घरची रीत मला ठाऊक होती. बाकीच्या घरांत मोठ्यांचं स्नान आधी असतं. आपल्याकडे तुम्ही पाट मांडून बसायचात, आधी माझ्या डोक्यावर तेल थापायचात, मग आईला वाटी द्यायचात, आणि तुमचं स्नान सगळ्यांच्या शेवटी. "घरातलं शेवटचं डोकं न्हालं की मग मी," हे तुमचं ठरलेलं वाक्य. लहानपणी मी मुद्दाम लोळत पडायचे, तुम्ही तेल निथळत्या अंगानं माझ्यामागे फिरायचात, आणि आई दोघांवर ओरडायची.

तर काय झालं सांगू? मी उठलेच नाही. सातचा नियम होता हे खरं, पण नियमाला दोष द्यायला जागा नाही. नोव्हेंबरात तिथं सूर्यच सव्वासात-साडेसातला उगवतो. सात वाजता न्हाले असते तरी सूर्योदयाच्या आधीचं अगदी शास्त्रोक्त स्नान झालं असतं! सूर्य माझ्यासाठी खोळंबला होता, अप्पा, आणि मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. थंडी होती, आदल्या संध्याकाळी वर्गातल्या मुलींनी पहिल्यांदाच मला बरोबर नेलं होतं, आणि एकटीनं कसली दीपावळी, असं वाटलं. पावणेआठला उठले, तोंड धुतलं आणि बसच्या थांब्यावरून तुम्हाला फोन लावला. आपल्याकडे साडेबारा वाजले होते. पहिल्याच घंटीला तुम्ही उचललात.

"गंगास्नान झालं की नाही गे कण्णा?"

"झालं, अप्पा. पहाटेच!"

"मग एवढा उशीर?"

"इथं आत्ताच तर उजाडलं." एवढं एक खरं होतं.

"तेल लावलंस?"

"तुम्ही दिलेलंच."

"पाणी कढत होतं?"

"वाफा येत होत्या."

 मग म्हणालात, "सरि, सरि. बरं तर, मी उठतो आता." मला वाटलं, जेवायला उठताय. बस आली, मी फोन ठेवला आणि दुपारपर्यंत विसरूनही गेले.

आता आईनं आज काय सांगितलं ते ऐका. तुम्ही उठलात ते स्नानाला. पहाटे चारपासून तुम्ही डोक्याला, अंगाला तेल लावून त्याच जुन्या पाटावर फोनशेजारी बसला होतात. आईचं झालं, मामींच्या घरचं झालं, सगळ्या इमारतीचं झालं, खाली पोरांचे फटाके संपले. वसंता मामींनी दारातून विचारलं तर म्हणालात, "इन्नुम इल्लै, मामी. एक डोकं राहिलंय." स्नानाआधी काही खायचं नाही म्हणून कॉफीचा घोटसुद्धा घेतला नाही. आई म्हणाली, "मी किती ओरडले, साखर आहे तुम्हाला, चक्कर येईल. ऐकतील तर अप्पा कसले!" साडेआठ तास, अप्पा! तुमच्या लुंगीवरचे तेलाचे डाग निघाले नाहीत म्हणून ती लुंगी शेवटी फरशी पुसायला घ्यावी लागली, हेही तिनं सांगितलं.

आणि मग तिनं पुढचं सांगितलं. फोन ठेवल्यावर तुम्ही तिला म्हणालात, "आवाज झोपेतून उठल्यासारखा होता पोरीचा." आई म्हणाली, मग? तर तुम्ही म्हणालात, "ती झालं म्हणते ना? मग झालं." आणि बादली भरायला गेलात.

तुम्हाला माहीत होतं! का नाही रागावलात? दुकानात कागदाच्या रिमात दोन ताव कमी निघाले तर मालकालासुद्धा सोडत नव्हतात, आणि माझी अख्खी पहाट कमी निघाली तर सरि, सरि? एकदा झापलं असतंत तर त्या संध्याकाळी मी रडत का होईना न्हाले असते. तुम्ही फार लाड केलेत माझे. ही तक्रार आहे, लक्षात ठेवा.

त्या तेलाचंही सांगून टाकते. बाटली खिडकीत तशीच होती. डिसेंबरात फ्राऊ लिंडनरनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, तेल. त्यांच्या बागेचं फाटक फार करकरायचं. त्यांनी मागितलं आणि मी दिलं. तुमचं मिरे आणि विड्याचं पान घातलेलं तेल जर्मनीतल्या एका फाटकाच्या बिजागऱ्यांना गेलं, अप्पा. फाटक मग अजिबात वाजलं नाही. तुम्ही हसला असतात, मला ठाऊक आहे, पण मला हसू येत नाही.

शेवटच्या काही रविवारी तुम्ही एकच सांगत होतात. नवी गाडी आता थेट वेलचेरीपर्यंत आली, बीच स्टेशनला उतरलं की दुकान चालत, खिडकीतून अख्खं गाव दिसतं. "तू आलीस की पहिल्या दिवशी तुला नेतो." मी ऐकत होते आणि पलीकडे कपडे घडी करत होते.

जानेवारीत एका सकाळी तिथले सहा वाजले होते आणि काकाचा फोन आला. तुम्ही दुकानात जायला निघालात, बुटांचे बंद बांधायला खाली बसलात आणि उठला नाहीत. काका रडत होता. मग आईनं फोन घेतला. ती रडत नव्हती. म्हणाली, "निघून येऊ नकोस. तू पोचेपर्यंत काही उरणार नाही गे. त्यांनी पाठवलंय तुला, वर्ष पुरं करून ये." आणि मग म्हणाली, "आधी डोक्यावरून स्नान कर."

मी सरळ न्हाणीघरात गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्याखाली उभी राहिले. सहा वाजता! किती वेळ ते माहीत नाही. दारावर थापा पडल्या. फ्राऊ लिंडनर, गाऊनमध्ये, रागानं लाल. दार उघडून मी नियम मोडल्याचं कारण सांगायला गेले आणि मला जर्मन सापडेना. पुस्तकात तिकीट काढायचं शिकवलं होतं, कॉफी मागायची शिकवली होती. मी फक्त "माइन फाटर" म्हटलं, माझे वडील, आणि वर बोट केलं. त्या बाईंनी मला ओलीचिंब जवळ घेतलं. मग स्वयंपाकघरात बसवून माझे केस पुसले, एकेक बट धरून, अगदी सावकाश. माझ्या केसांना तेव्हा महिनोन्‌महिने कुणाचा हात लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी दारावरच्या कागदावरची सातची ओळ त्यांनी पेनानं खोडलेली होती.

त्या केस पुसत होत्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की या देशात पहाटे मी केलेलं हे पहिलं स्नान. तुमच्यासाठी पहाटे उठले ती अशी.

वर्ष पुरं केलं, अप्पा. जर्मन बऱ्यापैकी आलं, पाव आवडायला लागला, मैत्रिणी झाल्या. ज्या मुलीनं बाक बदललं होतं तिच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आलंय. परत आल्यावर तुमची ती गाडी मी एकटीनं घेतली, वेलचेरी ते बीच. खिडकीतून गाव दिसतं हे खरं आहे. पण कुठलं देऊळ कुठलं, कुठं तुमचा मित्र राहतो, हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्या दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि आत न जाता परत आले.

आता वचन. तुमच्या वर्षानंतरच्या पहिल्या दीपावळीला तेल मी तापवीन, मिरे आणि पान घालून. आईच्या डोक्याला मी लावीन, मग माझ्या. आई न्हाईल, सगळी इमारत न्हाईल, आणि मी तुमच्या पाटावर फोनशेजारी बसेन, साडेबारापर्यंत, कॉफी न घेता. वसंता मामी दारात येतील आणि विचारतील, गंगास्नानम् आच्चा? त्यांना मी खरं सांगेन. इन्नुम इल्लै, मामी. अजून नाही.

तुमची, उशिरा उठणारी,
जानकी